गाडी कुठवर न्यावी

पहिल्या दिवशी निवृत्ती गलांडेंनी मला
दोरीचं भेंडोळं दिलं, बारा खुंट्या दिल्या,
म्हणाले, आधी नियम पाठ कर, मग हातोडी उचल.

गाडीनं डांबरी पट्टी सोडायची नाही.
सोडलीच, तर चेंडूच्या समोर येईपर्यंत पट्टीवरच,
मग काटकोनात आत, काटकोनात बाहेर.
भूमितीत मी दोनदा नापास.
सरांनी फळ्यावर जे काढलं
ते इथं येरवड्यात, सकाळी पावणेसहाला,
दवात उमटलेल्या चाकांवरून कळलं.

ग्रीनच्या पंधरा पावलं अलीकडे ब्रेक.
टीवर कधीच नाही.
बंकर आणि ग्रीनच्या मधल्या चिंचोळीत तर
कुत्र्यानंसुद्धा जाऊ नये, असं त्यांचं मत.
पाऊस होऊन गेला की दोन दिवस फक्त पट्टी,
माणूस कितीही मोठा असो.
गुडघेवाल्यांसाठी निळं निशाण,
ते ऑफिसात मिळतं, डॉक्टरची चिठ्ठी आणा.

पंधरा पावलं कोणाची, मी विचारलं.
माझी, ते म्हणाले.

खराडीला त्यांची साडेतीन एकर होती.
बाप कुदळीनं हरळी खणायचा,
मुळी राहिली की शिव्या,
हरळीला आणि पोराला सारख्याच.
आता तिथं काचेच्या इमारती,
आणि पोरगा इथं तीच हरळी
मिलिमीटर मोजून कापतो,
तिला रात्रीचं पाणी, तिला औषध,
तिच्या अंगावर चाकाचा वळ दिसला
तर जेवणाचा डबा तसाच घरी नेतो.
आबा वरून हसत असतील, म्हणायचे,
आणि त्याच दमात: ए, ती नऊ नंबरची गाडी बघ, तिरकी चाललीय!

तिरकी चाललेली असायची. आत दातांचे डॉक्टर लुकतुके.
अहो गलांडे, दोन बाजूंपेक्षा कर्ण लहान असतो,
अंतर वाचतं.
अंतर तुमचं वाचतं डॉक्टर, गवत माझं मरतं.
हे दर रविवारी. शब्दसुद्धा बदलायचे नाहीत.

ऑक्टोबरात एका दुपारी
सातव्या ग्रीनवर नवीन खळगा पाडताना
ते आधी बसले,
मग आडवे झाले,
टोपी छातीवर ठेवल्यासारखी पडली.

मी ओरडलो. नऊ नंबर वळली.
सकाळीच ताणलेली दोरी मी दातांनी ओढत होतो,
गाठ सुटेना, गाठ त्यांनीच शिकवलेली,
तेवढ्यात डॉक्टरांनी खुंट्यांसकट उडवली ती,
बंकर आणि ग्रीनच्या मधून,
सरळ ग्रीनवर.
उचलताना ते पुटपुटले,
पट्टीवरून घ्या. पट्टीवरून.
डोक्यावर लोहगावचं विमान उतरत होतं,
त्याची पट्टी त्याला ठरलेली.
आम्ही कर्णानं गेलो.
सगळं मैदान, गेटपर्यंत, एकच तिरकी रेघ.

सात आठवडे मी त्या दोन वळांना पाणी घातलं.
काट्यानं माती मोकळी केली, वाळू पेरली.
लुकतुके रविवारी यायचे, पट्टीवर गाडी थांबवून
काटकोनात चालत यायचे, बघून जायचे.
त्यांनी काही विचारलं नाही. मीही नाही.

गलांडे परत आले, छातीत स्प्रिंग,
ऑफिसानं दिलेलं निळं निशाण खिशात घडी करून.
सातव्या ग्रीनवर वाकले,
तळहात फिरवला.
नवीन हरळी जरा जास्तच हिरवी होती.
कोणी घातली रे गाडी?
मी हातोडीकडे बघत राहिलो.
दुसऱ्या अंगाला दोरी कोणी बांधली? ढिली आहे.
खुंट्या आण.

मग ग्रीनच्या काठाला टाच लावून
ते बाहेरच्या बाजूला निघाले, मोठ्यानं मोजत.
दहानंतर थांबले, श्वास घेतला.
पंधरा.

पावलं आता लहान पडतात.
जुनं भोक समोर दिसत होतं,
चांगलं दीड हात पुढं, मातीनं अर्धं बुजलेलं.
ते जिथं उभे होते
तिथंच मी खुंटी ठोकली.